फातोर्ड्याला निघण्याआधी

लीड्स, इंग्लंड

चि. बाळास,


तुझं पत्र आणि पाठोपाठ ताईचा फोन, दोन्ही एकाच आठवड्यात आले. तू आणि तालमीतली पोरं मुंबई सिटी या फुटबॉल संघाच्या मागे गोव्यात फातोर्ड्याला जाणार, परतायला दुसरा दिवस उजाडणार, आणि मामानं आईची समजूत घालावी असं तुझं म्हणणं. ताईचं म्हणणं नेमकं उलटं. मी तिला सांगितलं, जाऊ दे त्याला. पण तुला जे सांगायचंय ते फोनवर आटोपण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापुरात आपल्याला अवे सामना ठाऊक नसतो. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली, पेठांमध्ये कितीही तापलेलं असलं, तरी दोन्हीकडची माणसं शाहू स्टेडियमवर येतात आपल्याच गावातल्या रस्त्यांवरून. परक्या गावात पाऊल टाकल्याबरोबर ‘हे तिकडचे’ म्हणून ओळखलं जाणं, ही गोष्ट मी पहिल्यांदा इंग्लंडमध्ये अनुभवली.

मी इचलकरंजीहून इथे कापडाचं शिक्षण घ्यायला आलो आणि पुढे गिरणीत लागलो. खात्यातले लोक शनिवारी मॅचला जायचे, त्यांनी मलाही ओढलं. आधी लीड्स युनायटेडच्या घरच्या मैदानावर, एलंड रोडवर, मग बाहेरगावी. तेव्हा रेल्वे ‘फुटबॉल स्पेशल’ सोडायची. त्यांना जुने, मोडीत निघायच्या बेताला आलेले डबे लावलेले असत. स्टेशनवर उतरलं की पोलीस दोन्ही बाजूंनी उभे, काही घोड्यांवर. त्यांच्या मधून आम्ही मैदानापर्यंत चालत जायचो. रस्त्याकडेची दुकानं अर्धी बंद असायची. सामना संपला की यजमान गावचे लोक पांगेपर्यंत आम्हाला आतच थांबवून ठेवत, पाऊस असो की बर्फ. आणि तरीही पुढच्या खेपेला आम्ही सगळे हजर असायचो.

का, ते तुला पहिल्याच गोलाला कळेल. आपल्या संघानं परक्या मैदानावर गोल मारला की तिन्ही बाजू एकदम गप्प होतात आणि सगळ्या स्टेडियममध्ये आवाज राहतो तो फक्त तुमच्या कोपऱ्याचा. शेजारचा अनोळखी माणूस गळ्यात पडतो. घरच्या मैदानावर हौशे-नवशे सगळे येतात. बाहेरगावी, डिसेंबरच्या थंडीत, हरण्याची शक्यता जास्त असताना जे येतात ते जिवाचे असतात, आणि एका मोसमात ते एकमेकांना चेहऱ्यानं ओळखू लागतात.

माझ्या बाबतीत याचा अर्थ आणखी खोल होता. ऐंशीच्या दशकात एलंड रोडच्या दारात वंशद्वेष्टे लोक उघडपणे आपली पत्रकं विकत उभे असत. त्या गर्दीत सावळा चेहरा घेऊन शिरणं सोपं नव्हतं. परगावी मात्र मी त्या मूठभरांतला एक असायचो. एकदा कुणी मला काही बोललं, तर गिरणीतला एक थोराड विणकर मध्ये येऊन म्हणाला, हा आमच्यातला आहे. विषय तिथेच संपला. 1987 मध्ये लीड्सच्या चाहत्यांनी स्वतःच वंशद्वेषाविरुद्ध संघटना उभी केली आणि ती पत्रकं विकणाऱ्यांना तोंड दिलं. मला आजही त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. क्लबनं किंवा पोलिसांनी सांगण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आम्ही एफए कपच्या उपांत्य सामन्यासाठी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गेलो. लीड्स तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, समोर पहिल्या डिव्हिजनचा कॉव्हेंट्री. 50 हजारांवर माणूस. आमची बाजू लेपिंग्ज लेनची. बाहेर इतके लोक अडकले होते की सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू केला. डेव्हिड रेनीनं लवकरच गोल केला, मग कॉव्हेंट्रीनं दोन केले, शेवटी शेवटी कीथ एडवर्ड्सनं बरोबरी साधली. त्या क्षणी आमचं टोक जसं उसळलं तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. जादा वेळेत आम्ही 3-2 हरलो. परत येताना बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही, पण आपण तिथे होतो याचा अभिमान प्रत्येकाला होता.

दोन वर्षांनी, 15 एप्रिल 1989 ला, त्याच लेपिंग्ज लेनला लिव्हरपूलचे लोक गेले. समोर नॉटिंगहॅम फॉरेस्ट. उभ्यानं पाहणाऱ्या दहा हजारांवर लोकांना आत घेण्यासाठी अवघी सात फिरती फाटकं होती. तीन वाजता सामना आणि बाहेर गर्दी तुंबलेली. तेव्हा पोलिसांनी बाहेर पडायचा मोठा दरवाजा आत येण्यासाठी उघडला. समोरच उताराचा बोगदा होता, तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उतरायचा, आणि ते आधीच गच्च भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून लोकांना तिकडे वळवायला कुणी नव्हतं. पुढे मैदानाच्या कडेला लोखंडी जाळी. 97 माणसं गेली. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. सत्त्याण्णवावा माणूस मेंदूला झालेली इजा घेऊन 32 वर्षं जगला आणि 2021 मध्ये गेला.

बाळा, ती माणसं पायाखाली तुडवली जाऊन मेली असं लोकांना वाटतं. बहुतेक उभ्याउभ्याच गेली. छाती फुगायला जागाच उरली नाही. एका चौरस मीटरमध्ये सहासात माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलूच शकत नाही, गर्दी पाण्यासारखी लाटांनी सरकते. मागच्याला पुढचं दिसत नाही. तो ढकलत नसतो, फक्त एक पाऊल पुढे टाकत असतो. अशी शेकडो पावलं एका माणसाच्या छातीवर जमा होतात. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर 23 जण गेले, तिथे कुठला फुटबॉल होता? अरुंद वाट, पाऊस आणि दोन्हीकडून येणारी माणसं.

मला सर्वांत जास्त चीड कशाची येते सांगू? मेलेल्यांवरच ठपका ठेवला गेला याची. दारू पिऊन आले, दरवाजे फोडले, असं सांगितलं गेलं. चौथ्या दिवशी ‘द सन’नं ‘सत्य’ असा मथळा देऊन मृतांबद्दल खोटंनाटं छापलं. लिव्हरपूलमध्ये आजही असंख्य लोक ते वर्तमानपत्र हातात धरत नाहीत. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनं त्याच वर्षी पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे मुख्य कारण सांगितलं होतं. तरी मृतांच्या घरच्या लोकांना 2016 पर्यंत झगडावं लागलं. तेव्हा कुठे ज्यूरीनं म्हटलं की हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाले आणि चाहत्यांचा त्यात काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं! काही आया निकाल ऐकायला राहिल्या नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती असं माझं मत आहे. बाहेरगावाहून आलेला चाहता पाहुणा आहे असं कुणी मानलंच नाही. तो धोका आहे, त्याला कोंडायचं, एवढंच ठरलेलं होतं. जाळ्या त्यासाठी उभारल्या होत्या. दंगेखोर होते, हे मी नाकारत नाही. 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर 39 जण गेले, त्यात लिव्हरपूलच्या लोकांचा हल्ला होता. पण काही जणांच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना गुरांसारखं कोंडलं की पुढचा अपघात ठरलेलाच.

आणि ‘बाहेरच्यांना येऊच देऊ नका’ हाही उपाय नव्हे. 1 ऑक्टोबर 2022 ला इंडोनेशियात मलंगच्या मैदानावर अरेमा विरुद्ध पर्सेबाया सामना झाला, पाहुण्या संघाच्या चाहत्यांना बंदी होती. घरचे लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, माणसं दरवाजांकडे धावली आणि तिथे चेंगरली. 135 मेले.

इथे इंग्लंडमध्ये मात्र टेलर अहवालानंतर जाळ्या गेल्या, मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या. 2022 पासून काही मैदानांवर प्रत्येक रांगेला कठडा लावून सुरक्षितपणे उभं राहायची परवानगीही मिळाली. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्याच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आहे, तीही चाहत्यांनी आंदोलन केलं म्हणून. तिकीट कमालीचं महागलं, जुने कामगार कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं. पण पोरं संध्याकाळी घरी परततात, हे मी त्याहून मोठं मानतो.

आता तुझ्याविषयी. फातोर्ड्याचं स्टेडियम 19 हजारांच्या आसपासचं, लहान आहे, तिथे माझ्या वर्णनातलं काही होईल असं नाही. तरी आत गेल्यावर आधी बाहेर पडायच्या वाटा बघून ठेव, दोन तरी. वेळेआधी तासभर पोच. गर्दी आवळू लागली तर हात छातीसमोर धर, पडलेला मोबाइल उचलायला वाकू नकोस, आणि उलट ढकलण्यापेक्षा लाट ओसरली की तिरका तिरका कडेला सरक. गोल झाला की मागून जिन्यावर उड्या मारणाऱ्याला अडव, ओळखीचा नसला तरी.

आणि शेवटचं, यावर वाद नको. तुमचा मोटारसायकलींवरून घाट उतरायचा बेत रद्द करा. इंडियन सुपर लीगच्या 2022 च्या अंतिम सामन्यासाठी केरळ ब्लास्टर्सचे चाहते लोटले होते फातोर्ड्याला. मलप्पुरमहून दुचाकीनं निघालेले दोन तरुण कासरगोड जिल्ह्यातच अपघातात गेले. स्टेडियम त्यांना दिसलंसुद्धा नाही. तेव्हा मिरजेला जा आणि गोवा एक्स्प्रेस पकडा, ती लोंढ्यावरून मडगावला उतरवते, फातोर्डा तिथून जवळ. सगळ्या पोरांची तिकिटं मी काढून देतो, नावं आणि वयं लगेच कळव.

तुझा,
मामा