सवयीची वाट

निश्चय करणे सोपे आणि तो पार पाडणे कठीण, हे आपण सारेच जाणतो. परंतु असे का होते, याचा विचार मी प्रथम केला तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात.

साठीच्या सुमारास अण्णांना मधुमेह जडला. डॉक्टरांनी औषध दिले, साखरेचा चहा सोडावयास सांगितले आणि रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला दिला. हा रोग बळावल्यास डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना अपाय होतो, हे अण्णा पुरते जाणून होते. आम्हा घरच्यांना तर काळजीने झोप येत नसे. तरीही रोज सकाळी वर्तमानपत्र हाती येई आणि चालणे राहून जाई. भीतीपोटी केलेला निश्चय चार दिवसांतच ओसरला होता.

त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा १९९९ सालचा एक लेख माझ्या वाचनात आला. एखादी गोष्ट ‘मी करीन’ एवढेच म्हणण्यापेक्षा ती केव्हा, कोठे व कशी करावयाची हे आधी ठरविले, तर ती हातून घडण्याचा संभव वाढतो, असे त्यांनी त्यात दाखविले आहे.

मग आम्ही ठरविले की, सकाळचा चहा संपताच अण्णांनी उठावे आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यावे. त्यांच्या चपला रात्रीच दाराशी मांडून ठेवल्या जात. चहा तर ते कधीच विसरत नसत. त्या जुन्या सवयीच्या पाठोपाठ नवी सवय चालू लागली. काही दिवसांनी त्यांची मजल नदीच्या घाटापर्यंत गेली. आईने साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर हलविला आणि ती ताटात कोशिंबीर अधिक व भात कमी वाढू लागली.

एके दिवशी मुसळधार पावसाने चालणे चुकले. “झाले, सारे मुसळ केरात!” अण्णा खिन्नपणे म्हणाले. तेव्हा मी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयी सांगितले. त्यात ९६ जणांनी १२ आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडण्यास कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ दिवसही लागतील, असा हिशेब निघाला. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचे होते. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले.

“मग उद्या निघावयास हरकत नाही!” असे म्हणून अण्णा हसले.

तीन महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा रक्तातील साखर पुष्कळ उतरली होती. औषध चालूच होते; पण घरातली चिंता हलकी झाली.

बालमित्रांनो, तुमच्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी धावावे, खेळावे, अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उद्या शाळेतून आल्यावर तुम्ही दप्तर खुंटीला लावाल. त्यानंतर लगेच काय करावयाचे, ते आजच ठरवून ठेवा.