डनब्लेनची शिळा
स्कॉटलंडमधलं डनब्लेन हे शांत, लहानसं गाव. लोक इथे जुनं कॅथीड्रल आणि ऑलिंपिकविजेत्या अँडी मरेसाठी सोनेरी रंगवलेली टपालपेटी पाहायला येतात. कॅथीड्रलमध्ये एक स्मृतिशिळाही आहे. १३ मार्च १९९६ ला इथल्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुलांना आणि त्यांच्या बाईंना गोळ्या घालून मारलं. छोटा अँडी तेव्हा त्याच शाळेत होता. बंदुका परवान्याच्या होत्या! पालकांच्या साथीने ‘स्नोड्रॉप’ मोहिमेने लाखो सह्या जमवल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर बंदी आणली. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनादत्त हक्क. तिथल्या आपल्या भाचरांना शाळेत गोळीबारापासून लपण्याची कवायत करावी लागते. एकेकाळी मीही वर्गात हजेरी घ्यायचे. सगळ्या मुलांनी संध्याकाळी घरी परतणं, हा हक्क कोणत्या कलमात लिहायचा?