गळण्याचं फडकं

माझं माहेर हरद्याचं. तेव्हा हरदा होशंगाबाद जिल्ह्यात होतं, आणि त्या जिल्ह्यातल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायची तऱ्हाच निराळी होती. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी सोळा शाळांतून सुरुवात केली, १९७८ पासून ते जिल्हाभर झालं. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात पाठ करायला उत्तरं नव्हतीच, करून बघायच्या गोष्टी आणि प्रश्न. आम्ही चार-चार जणींनी टोली करून बसायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा! सासरी हे सांगितलं तर कुणाला खरंच वाटेना.

सातवीत माशीचा जन्म बघायचा होता. रुंद तोंडाच्या बाटलीत ओलं शेण घालून ती उघडी ठेवायची, माश्या अंडी घालून गेल्या की तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज बघून वहीत लिहायचं. घरी चातुर्मास चालू. मी भीत भीत आजीला सांगितलं. तिची माळ थांबली.

“कोंडून ठेवणार होय गं त्यांना? हवा जाईल का आत?”

मग उठून तिने जुनं गळणं आणून दिलं. आजी पाणी गाळल्यावर गळणं उलटं करून गाळलेल्या पाण्याने धुवायची आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची, गळण्यात अडकलेले बारीक जीव आपल्या जागी परत जावेत म्हणून. “बघून झालं की सोडून द्यायचं. कबूल?” मी कबूल केलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या. मग एका सकाळी सगळं शांत. गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश, हलत नाहीत, काही नाही. मला वाटलं, मेले. माझ्या हातून पाप झालं. रात्री झोप नाही, आजीला सांगायची हिंमत नाही. सर काहीच सांगेनात, “बघत राहा” एवढंच. चार-पाच दिवसांनी बाटलीत माश्या! शाळेमागच्या उकिरड्याशी जाऊन मी फडकं सोडलं. मुलं हसली. हसू देत.

पुढे मी आर्ट्सला गेले, लग्न होऊन इच्छापुरात आले. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मी ते पेपरात वाचलं, हळहळले आणि कुकर लावायला उठले. कारण माझा मुलगा तर प्रायव्हेट शाळेत होता. तो सातवीत गेला तेव्हा तोच धडा आला. अंडी, अळी, कोश, माशी. मी त्याच्याकडून घोकून घेतलं. त्याने विचारलं, “आई, कोशात ती काय करते?” “ते परीक्षेत येत नाही,” असं मी म्हटलं. मी! वीसपैकी वीस मिळाले त्याला.

यंदा जाऊबाईंची नात प्रोजेक्ट म्हणून बुऱ्हाणपूरच्या दुकानातून थर्माकोलचं तयार चित्र घेऊन आली. पैसे देऊन आणलेली अळी, तिच्यावर लेबल. मला राहवलं नाही. शेणाचं नाव काढलं असतं तर घरात गहजब झाला असता. पण आमच्याकडे केळ्यांना काय तोटा? पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत टाकला, चिलटं आली, वर फडकं बांधलं. “शी, घरात चिलटं पाळता?” म्हणून जाऊबाई दोन दिवस बोलल्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून त्याच बघत होत्या.

नवरात्रात इच्छादेवीच्या यात्रेची गर्दी, त्यातून वाट काढत मुलगा पुण्याहून आला. खिडकीतली बाटली उचलून उजेडात धरली. काचेला कोश चिकटले होते, एक-दोन नुकते फुटले होते. बराच वेळ बघत राहिला.

“मला का नाही दाखवलंस हे?”

काय सांगणार? “फडकं सोड आता,” मी म्हटलं, “परसात नेऊन.” पोरगी त्याच्यामागे धावली.