तारोकोच्या दरीत एक दिवस

तैवान हे बेट विस्ताराने आपल्या केरळ राज्यापेक्षाही थोडे लहान आहे. परंतु तीन हजार मीटरहून उंच अशी दोनशेहून अधिक शिखरे त्यावर उभी आहेत. पर्वत आणि सागर तेथे एकमेकांच्या इतके निकट आले आहेत, की पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन शहरातून सकाळी निघालेला प्रवासी समुद्रकाठचे कडे, संगमरवरी दरी आणि तेथील आदिवासींचे एखादे गाव पाहून दिवेलागणीला परत येऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशाच एका सहलीला मी आणि माझी आई गेलो होतो. माझा धाकटा भाऊ बेटाच्या पश्चिमेस शिनचू येथे नोकरीस आहे. आम्ही त्याच्याकडे गेलो असता त्याला रजा मिळेना, तेव्हा त्याने आम्हां दोघींची सहलीत व्यवस्था करून दिली.

छोट्या मोटारीत आम्ही आठ प्रवासी होतो. मार्गदर्शिका पंचविशीतील तरुणी होती, आणि ती स्वतः त्या डोंगरातील त्रुकू जमातीची. ती इंग्रजीत सांगे आणि मी आईला मराठीत सांगे. भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने या कामाचे मला ओझे वाटले नाही. उलट, आईच्या प्रश्नांमुळे मला पुष्कळ काही कळले, जे एरवी मी विचारलेही नसते.

प्रथम छिंगश्वेइचे कडे पाहिले. सुमारे एकवीस किलोमीटर लांबीची ही पर्वतभिंत थेट महासागरात उतरते. तिचे सर्वोच्च शिखर २,४०८ मीटर उंच आहे. काठाशी पाणी फिकट हिरवे, पुढे निळे आणि त्याहून पुढे जवळजवळ काळे दिसत होते. आमच्या कोकणातही डोंगर समुद्राला भेटायला येतात, पण ते बेताबेताने, माडापोफळींच्या वाड्या ओलांडून येतात. येथे तशी काही वाटाघाटच नाही!

तेथून तारोकोच्या दरीत शिरलो. हा दगड एके काळी सागरतळावरचा चुनखडक होता. भूपृष्ठाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर रेटले जाऊन त्या दाबाने आणि उष्णतेने त्याचा संगमरवर झाला, आणि तो वर उचलला जाऊ लागला. उचलण्याचे ते काम आजही चालू आहे. वर्षाकाठी काही मिलिमीटर डोंगर वर चढतो आणि लीवू नदी तो तितक्याच चिकाटीने खाली कापीत जाते. म्हणूनच दरी खोल आहे, पण रुंद नाही. कित्येक ठिकाणी मान पूर्ण मागे टाकली तरच आकाशाची पट्टी दिसते. माथ्यावरून दगड सुटतात म्हणून डोक्यावर घालण्यास टोप्या देतात. आईने आपली टोपी पदरावरून घातली आणि छायाचित्र काढू दिले नाही.

दरीतून जाणारा रस्ता १९५६ ते १९६० या काळात बांधला गेला. बांधणारे बहुतेक चीनच्या मुख्य भूमीवरून आलेले निवृत्त सैनिक होते. या कामात दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या देवळाच्या पायाखालून एक झरा अखंड कोसळत असतो. आईने तेथे हात जोडले.

मला खरे सांगायचे आहे ते नावांविषयी. तारोको हा त्रुकू या शब्दाचाच जपानी उच्चार. नदीचे नाव जुन्या कागदपत्रांत ताक्किरीसारखे होते. जपान्यांनी त्या ध्वनीसाठी दोन चिनी अक्षरे योजली. राज्य बदलल्यावर तीच अक्षरे चिनी पद्धतीने वाचली गेली आणि नदी लीवू झाली. म्हणजे अक्षर टिकले आणि ध्वनी गेला. आपल्याकडे इंग्रजांनी पुण्याचे पूना आणि खडकीचे किर्की केले, तेथे निदान मूळ ध्वनीची ओळख पटते. दरीच्या वरच्या अंगाला थिएनश्यांग नावाचे ठिकाण आहे. त्रुकू लोकांचे तपिदो ते हेच. तेराव्या शतकात चीनच्या सुंग राजवटीत एक स्वामिनिष्ठ मंत्री होऊन गेला. ज्याने हे बेट कधी पाहिले नाही, त्याचे नाव या डोंगराला दिले गेले. त्या मानाने बुलोवान बरे म्हणायचे. मूळ शब्द ब्रुवान, म्हणजे प्रतिध्वनी. तेथे १५२ मीटर उंचीवरून जाणारा झुलता पूल २०२० साली झाला. आमच्यातील एका मुलाने पुलावरून मोठ्याने हाक मारून शब्दाचा अर्थ पडताळून पाहिला.

मात्र ब्रुवानात आता त्रुकूंची वस्ती नाही. १९१४ साली जपानच्या गव्हर्नर-जनरलने हजारोंचे सैन्य आणि तोफा घेऊन या डोंगरांवर स्वारी केली. काही हजार शिकारी आपल्या बंदुकांनिशी सुमारे तीन महिने लढले आणि हरले. पुढे त्यांना गावेच्या गावे उठवून खाली, पोलिसांच्या नजरेखाली आणून वसविण्यात आले. दरीच्या मुखाशी श्योलिन तालुक्यात आज जी गावे दिसतात, त्यांतील कित्येकांचा इतिहास हा असा आहे.

अशाच एका गावी आम्ही दुपारी गेलो. ठेंगणी घरे, दारात वाळत घातलेले धान्य, एक लहानसे चर्च. मार्गदर्शिकेची पणजी अंगणात जमिनीवर पाय पसरून विणीत बसली होती. वय नव्वदीच्या घरातले. माग कमरेला बांधलेला, आणि पायांनी रेटून धरलेली लाकडाची पोकळ पेटी. प्रत्येक फणीसरशी पेटीतून ठक् ठक् आवाज येई. पट्टीवरची चौकट नक्षी म्हणजे पूर्वजांचे डोळे, असे तिने सांगितले. पूर्वी विणता येऊ लागले की मुलीच्या गालांवर गोंदीत. जपान्यांनी ते बंद केले, म्हणून तिचे गाल कोरे राहिले. आजीला तेथे ‘पायी’ म्हणतात. आईने ऐकताच तसे म्हणावयास सुरुवात केली.

आईने विचारले, “अगं, पायींना त्यांचे नाव विचार.”

पणतीने प्रश्न त्रुकू भाषेत केला. उत्तर यायला वेळ लागला, कारण नावे तीन होती. जन्माचे त्रुकू. शाळेत मास्तरांनी ठेवलेले जपानी. १९४५ नंतर नोंदणी करणाऱ्या कारकुनाने लिहिलेले चिनी. त्या नोंदणीत सख्ख्या भावांनाही वेगवेगळी आडनावे मिळाल्याची उदाहरणे आहेत. पायींच्या दोन भावांचे तसेच झाले, आणि कागदोपत्री ते एकमेकांचे कोणी राहिले नाहीत.

मी हे सारे मराठीत आणले. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना सांग, माझीही दोन आहेत. लग्नात ताटातल्या तांदळांवर दुसरे लिहिले. पहिल्याने हाक मारणारे आता कोणी उरले नाही.”

हे वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून त्रुकूत गेले. तांदूळ कशाला, हे मला दोनदा समजावून द्यावे लागले. पायींनी मागावरचा हात थांबविला आणि आईला तिचे माहेरचे नाव विचारले. आईने सांगितले. पायींनी ते उच्चारून पाहिले. दुसरे अक्षर त्यांना जमेना. मग आईने त्यांचे जन्माचे नाव उच्चारले, तेही तसेच अर्धेमुर्धे. दोघी हसू लागल्या आणि आम्हां दोन्ही दुभाष्यांना काही काम उरले नाही. ती नावे मी येथे लिहीत नाही. छापण्यासाठी ती सांगितलेली नव्हती.

निघताना आई “म्हुवाय सु” म्हणाली, म्हणजे धन्यवाद. संध्याकाळी गोट्यांच्या किनाऱ्यावर थोडा वेळ बसलो, पण त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. वारा फार होता.

३ एप्रिल २०२४ रोजी सकाळी ह्वालिएनजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दरीत कडे कोसळले, पायवाटेवर माणसे मेली आणि उद्यानाचा मोठा भाग बंद करावा लागला. दोन दिवसांनी मार्गदर्शिकेचा निरोप आला, की घरचे सर्व सुखरूप आहेत, परंतु सहली थांबल्याने तिची मिळकतही थांबली आहे. गावच्या मुलांना ती त्रुकू भाषा शिकवू लागली होती. त्रुकूंना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता मिळाली तीच मुळी २००४ साली. तोवर त्यांची गणना दुसऱ्या जमातीत होत असे.

त्याच वर्षी मे महिन्यात तेथील विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, आणि आदिवासींना ओळखपत्रावर चिनी अक्षरांवाचून केवळ रोमन अक्षरांत आपले मूळ नाव लिहिण्याची मुभा मिळाली. मार्गदर्शिकेने आपले नाव बदलून घेतल्याचे कळविले. पायी मात्र तयार झाल्या नाहीत. कचेरीतली रांग फार मोठी असते, असे त्यांचे म्हणणे पडले. मी ते आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचे,” आणि पुन्हा भाजी निवडू लागली.