लेकीसंगे शनिवार-रविवार

युरोपातील प्रसिद्ध शहरांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत उंच मनोरे, राजवाडे आणि चित्रसंग्रह ह्यांची रेलचेल असते. परंतु चार वर्षांच्या मुलीचे बोट धरून त्याच शहरांत उतरले, म्हणजे मनोऱ्याआधी त्याच्या पायथ्याची कबुतरे दिसतात आणि राजवाड्याआधी शौचगृह शोधावे लागते. अशा काही प्रवासांविषयी येथे लिहावयाचे आहे.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रान्स व स्वित्झर्लंड ह्या दोन्ही देशांच्या सीमांजवळ, फ्रायबुर्ग हे शहर आहे. तेथे आमचे बिऱ्हाड. मी रुग्णालयात परिचारिका आहे. हे एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातात. एकाने दार लोटावे आणि दुसऱ्याने ते उघडावे, असा आमचा आठवडा. लेक बालवाडीत जाते आणि तिचे तेथील सारे बोलणे जर्मन भाषेत. घरी येते तेव्हा आम्हा दोघांपैकी एकच जण असतो, आणि तोही थकलेला. हळूहळू असे झाले, की आम्ही मराठीत विचारावे आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावे. बेळगावकडील आमच्या गावी आजीशी मोबाईलवर बोलणे व्हायचे, तेव्हा आजी बोलत राही आणि नात नुसती हसत राही. "अगं, पोरीला आपली भाषा येते की नाही?" असे एकदा आजीने विचारले, तेव्हा मला पटकन उत्तर सुचले नाही.

पंधरा दिवसांतून एकदा आम्हा दोघांनाही शनिवार-रविवार मोकळा मिळतो. घरी राहिले तर धुणे, आवराआवर आणि झोप ह्यांतच ते दिवस संपतात. म्हणून आगगाडी. आगगाडीत बसल्यावर कोणालाही मध्येच उठून कामावर जाता येत नाही, हा तिचा पहिला गुण. शिवाय जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही, आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी एक निराळा कप्पा असतो. तेथे पोर रडले तरी कोणी भुवया उंचावत नाही.

आमचा नियम एकच: दिवसाला एक गोष्ट पाहावयाची. उरलेला वेळ लेकीचा. "इतक्या लांब जाऊन एवढेच पाहिले?" असे ओळखीचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. दिवसात सात स्थळे पाहून आलेल्या कुटुंबांची तोंडे मी परतीच्या गाडीत पाहिलेली आहेत.

स्ट्रासबुर्गला जाताना ओफेनबुर्ग येथे गाडी बदलून आम्ही केहल ह्या सीमेवरच्या जर्मन गावी उतरतो. तेथून २०१७ सालापासून ट्रॅम ऱ्हाइन नदीवरील पुलावरून थेट फ्रान्समध्ये जाते. १८७१, १९१८, १९४० आणि १९४४ अशा चार वेळा ह्या शहरावरचे राज्य बदलले. सीमाभागात वाढलेल्या माणसाला त्या पुलावरून जाताना मनात काय काय येते, हे आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. लेकीला मात्र ट्रॅमच्या घंटेपलीकडे काही सुचत नव्हते.

तेथील महामंदिराचा शिखर-मनोरा १४२ मीटर उंच आहे. वरच्या गच्चीपर्यंत तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्या आम्ही चढलो नाही. त्या दिवसाची आमची एक गोष्ट म्हणजे आतील खगोलीय घड्याळ. आजचे यंत्र श्विल्गे नावाच्या कारागिराने १८३८ ते १८४३ ह्या काळात सिद्ध केले. त्यात दर पाव तासाला मनुष्याच्या चार अवस्थांपैकी एक अवस्था मृत्यूच्या सांगाड्यासमोरून जाते: पहिल्या पावाला बालक, मग तरुण, मग प्रौढ, शेवटी वृद्ध. दुपारी साडेबारा वाजता बारा प्रेषित प्रभू येशूपुढून क्रमाने जातात आणि वर बसलेला कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. संत पेत्राच्या नकाराची ती आठवण. हे पाहण्यासाठी तिकीट काढून आधी आत जावे लागते आणि बराच वेळ उभे राहावे लागते. ह्यांनी लेकीला खांद्यावर घेतले होते.

कोंबडा आरवला आणि लेकीने मोठ्याने विचारले, "हा किकेरिकी का नाही म्हणाला?" जर्मन मुलांचा कोंबडा 'किकेरिकी' म्हणतो. हे म्हणाले, "हा फ्रान्समधला, हा 'कोकोरिको' म्हणतो. आजीच्या घरचा 'कुकूच कू' म्हणतो." मग बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर पाव खाताना तासभर हाच वाद. गाय काय म्हणते, बेडूक काय म्हणतो, आजीकडचे मांजर काय म्हणते. नंतर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "आई, ते बाळ हाडांच्या माणसाला भीत नाही?" सबंध वाक्य मराठीत. मी सांगितले, त्याला पुढे जायचे असते, मागून दुसरा येतो ना. "मग बाळ परत येतं?" "पुढच्या तासाला येतं." हे तिला पुरेसे वाटले. मला घाई नव्हती, ह्यांना पाळी नव्हती. म्हणूनच प्रश्न विचारायला आणि उत्तर द्यायला अवकाश मिळाला.

त्या रात्री तिने आजीला घड्याळाचा सारा वृत्तांत ऐकवला. अर्धे शब्द जर्मन होते, तरी कोंबडा अस्सल आपल्याकडचा होता. आजी म्हणाली, "आमचा कोंबडा रोज पहाटे ओरडतो गं, तिकीट लागत नाही." नात खदखदा हसली. ह्या वेळी समजून हसली.

बर्नविषयी थोडकेच सांगते. तेथे एका कारंज्यावर मुलांना खाणाऱ्या राक्षसाचा सोळाव्या शतकातील पुतळा आहे. तो आम्ही रस्ता बदलून टाळला आणि नदीकाठची अस्वले पाहिली. त्या संध्याकाळी लेक इतकी दमली, की परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर झोपली ती फ्रायबुर्गलाच जागी झाली.

बासेल मात्र आमच्या सर्वांच्या आवडीचे. आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेथे ऱ्हाइनवर चार तरी चालतात, आणि एकीलाही यंत्र नाही. नदीवर आडवी तार बांधलेली असते, नाव दोरीने तिला जोडलेली असते. नावाडी नाव प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे नेतो. आमच्या फ्रायबुर्गच्या रस्त्यांकडेने स्वच्छ पाण्याचे अरुंद पाट वाहतात आणि मुले त्यांत दोरी बांधलेल्या लाकडी होड्या ओढत चालतात. लेकीकडेही तशी एक होडी आहे. तरीवर चढताच तिने वरची दोरी पाहिली आणि माझा पदर ओढला, "माझ्यासारखी!"

नावाडी वयस्क गृहस्थ होते. त्यांची बोली तिकडची, आणि रुग्णालयात इतकी वर्षे काढूनही मला तिच्यातले निम्मे कळत नाही. लेकीला फ्रायबुर्गच्या अंगणांतून तशीच बोली ऐकण्याची सवय. तिने त्यांना काहीतरी विचारले. त्यांनी सुकाणूवरचा हात न काढता बरेच समजावून सांगितले. ह्यांनी विचारले, "काय गं म्हणतात ते?"

ती आमच्याकडे वळली आणि आम्हाला मराठीत सांगू लागली, "ते म्हणतात, आपण काही नाही करायचं. नुसतं तिरकं धरायचं. मग नदीच ढकलते."

पलीकडच्या काठाला उतरून आम्ही पुन्हा भाडे दिले आणि त्याच नावेने परत आलो. मग आणखी एकदा.