आधी वारा बघ, मग विमान

चि. सोनू,


दादा सांगत होता, तुझं फोमचं विमान आलंय आणि रविवारी तू ते कवड्या डोंगरावर न्यायचं म्हणतोस. तिथे नको, बाळा. सुप्याच्या त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्यासाठीच. जो वारा ती अजस्र पाती फिरवतो, त्यात अर्ध्या किलोचं विमान शिकाऊ हाताला आवरत नाही. डोंगराच्या आडोशाला तर वारा गिरक्या घेऊन विमान खाली दाबतो.

बाजरी निघालेलं सपाट रान शोध. विजेच्या तारा, विहीर, रस्ता, गुरं लांब हवीत. दिवाळीनंतरच्या सकाळी हवा पडलेली असते, तेव्हा उडव. ऊन चढलं की जमीन तापते, हवा उसळते. वैशाखात तर भरदुपारी वावटळी उठतात. आषाढात विमान कपाटातच राहू दे.

रानात पोचलास की मूठभर कोरडी माती सोडून बघ. ती जवळजवळ सरळ पडली पाहिजे. मग लिंबाचा शेंडा बघ, कारण खाली शांत वाटलं तरी वर वारा असू शकतो. नुसती पानं सळसळत असतील, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आत, तर चालेल. डहाळ्या सतत हलत असतील तर घरी फिर.

विमान वाऱ्याच्या तोंडावर सोड आणि वारा येतो त्याच बाजूला ठेव. मोटर बंद पडली तरी ते तुझ्याकडे वाहत येईल. वाऱ्याबरोबर लांब गेलं, तर परतताना बॅटरी संपते. सूर्य डोळ्यांवर घेऊ नकोस; विमान कुठे वळलं तेच कळत नाही.

जागा ठरली की ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघ. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची विमानंही येतात. नगर लष्कराचं ठाणं आहे. भिंगारची छावणी, के. के. रेंज, उत्तरेला काकडीचा शिर्डी विमानतळ. लाल-पिवळ्या भागात परवानगीशिवाय उडवायचं नाही. हिरव्या भागात उंचीची मर्यादा ४०० फुटांची. तुला दीडशे पुरे.

मित्र जमलेत, बॅटरी भरलीय, म्हणून उडवू नकोस. सगळ्यांसमोर ‘आज नको’ म्हणता येणं हाच या छंदातला पहिला धडा. तो जमला की मोडतोड कमी होईल आणि हौस टिकेल.

पहिल्या उड्डाणाचा दिवस कळव. मी येते.

तुझी,
आत्या