हुबेहूबपणाची हौस

फोटोवर ग्रिड आखून, चौकोनामागून चौकोन भरत काढलेलं पेन्सिल पोर्ट्रेट म्हणजेच खरं कसब, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. पापणीचा केस न् केस उतरलाच पाहिजे. ‘फोटोच वाटतोय!’ अशी दाद मिळाली की भरून पावायचो. झपाझप स्केच करणाऱ्यांना मनातल्या मनात आळशी ठरवायचो. आता मी तसं मानत नाही.

माझं मत आधी फिरवलं ते पेन्सिलीनेच. ग्रॅफाइटचा काळा कधी पुरता काळा होत नाही. ८बी कितीही दाबून चालवा, तो भाग चकाकतो आणि उजेडात करडाच दिसतो. म्हणजे छटांची पुंजी मुळातच तोकडी. ती केस, कॉलर, शर्टाची बटणं अशी सगळीकडे सारखी उधळली, तर डोळ्यांसाठी काही उरत नाही. कुठे हात सैल सोडायचा न् कुठे आखडता घ्यायचा, हे ठरवायला समोरच्या माणसाबद्दल आपलं काही म्हणणं असावं लागतं. फोटो ते पुरवत नाही.

दुसरा धक्का बालगंधर्व रंगमंदिरात बसला. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत. एक पुरुषवेशातलं, दुसरं स्त्रीभूमिकेतलं. नाटकाला जाता-येता ती कितीदा तरी पाहिली होती. माध्यम वेगळं, पण प्रश्न माझ्याच कामाचा: नाकडोळे तेच असताना माणूस दुसरा कसा होतो? याचं उत्तर ग्रिडच्या चौकोनांत सापडेना.

हल्ली शक्य तेव्हा माणसालाच समोर बसवतो. तो बोलतो, कंटाळतो, ओठ मुडपतो. हाडांची घडण पक्की ठेवायची. बाकी हनुवटीची कड कागदात विरली तरी चालेल. गडद ४बी फक्त नजरेपाशी.

ग्रिडला मात्र नावं ठेवणार नाही. प्रमाणाची शिस्त हाताला तिनेच लावली. शिवाय गिऱ्हाइकाला अजून फोटोसारखंच हवं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कुणी दिवंगत वडिलांचा आधार कार्डावरचा पुसट फोटो घेऊन येतं, तेव्हा साम्य साधावंच लागतं. पण त्या फोटोत बारकावे नसतातच, मग उतरवणार काय? म्हणून आधी विचारतो, “रागावले की कसे दिसायचे?” मुलगा सांगता सांगता नकळत वडिलांसारख्या भुवया चढवतो. मी तेवढ्या धरतो.